शंभरावरची रेघ

लॉइड हॉस्टेटरला गाडी चालवायचा कंटाळा आला होता. पण तसं कबूल केलं असतं तर वर्ना लगेच म्हणाली असती, मग दे की माझ्याकडे. म्हणून तो गप्प होता. पेनसिल्व्हेनियाची हद्द केव्हाच मागे पडली होती. ओहायोतला मार्चचा चिखल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरला होता आणि तेच ते टेलिफोनचे खांब येत होते, जात होते. त्यातला एखादा मधूनच वाकलेला दिसायचा. लॉइड पुटपुटायचा, कसली माणसं कामावर ठेवतात, एक खांब धड उभा करता येत नाही. वर्ना आधी खांबाकडे बघायची, मग नवऱ्याकडे बघायची आणि "कडेला सरकतोयस, जरा आत घे," एवढंच म्हणायची.

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर बायको कमी बोलायला लागली की समजावं, तिचं बोलून झालेलं आहे. वर्नाचं बोलून झालेलं होतं. पिट्सबर्गच्या डोळ्यांच्या डॉक्टरची वेळ तिने दोनदा घेतली आणि दोन्ही वेळा यानं ती मोडली. एकदा बर्फाचं निमित्त केलं, एकदा पाठीचं. शेवटी त्यानं तिला शब्द दिला होता की हे टेबल एकदा होऊन जाऊ दे, मग तू म्हणशील त्या डॉक्टरकडे येतो.

टेबल म्हणजे काय ते सांगायला हवं, कारण सगळं त्यावरच येऊन ठेपलेलं होतं.

जुने अमेरिकन तांब्याचे सेंट, म्हणजे डॉलरच्या शंभराव्या भागाची नाणी, जमवणारी जी मंडळी आहेत ती वर्षातून एकदा कुठल्यातरी हमरस्त्यावरच्या मोटेलात भेटतात आणि नवं काही सापडलं असेल तर ते टेबलावर मांडून पारखतात. जगाला त्यांच्या उद्योगाचं काडीचंही कौतुक नाही. सगळ्या सेंटांवर तीच मोकळ्या केसांची बाई, मागे तीच पानांची माळ, माळेत तेच 'एक सेंट' आणि खाली शंभरावर एक असा अपूर्णांक. त्यात बघायचं काय, असं कुणीही म्हणेल. पण त्या काळी फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत प्रत्येक ठसा माणूस हातानं कोरायचा. चार-दोन आठवड्यांत ठसा तडकला की दुसरा कोरायचा, आणि हाताचं काम ते, सारखं कुठून होणार? एकात बाईची बट लांब, दुसऱ्यात पान अक्षराला टेकलेलं, तिसऱ्यात आकडा तिरका. पुढचा एक ठसा आणि मागचा एक ठसा मिळून एक वाण. प्रत्येक वाणाला नंबर. एकट्या १७९४ सालाचे वाण मोजता मोजता माणूस म्हातारा होतो, आणि आमची मंडळी तशीच म्हातारी झालेली आहेत.

तर ही वाणांची यादी आता जवळजवळ पुरी झालेली आहे. नवा वाण सापडणं ही कित्येक वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट. पण सापडलाच, तर यादीत त्या नंबरापुढे शोधणाऱ्याचं नाव लागतं आणि ते मग कुणी पुसत नाही. लॉइडच्या कोटाच्या आतल्या खिशात, सुती पिशवीत, असाच एक नवा वाण होता. निदान त्याचं तसं म्हणणं होतं.

लॉइडचा जन्म काचेच्या कारखान्यात बाटल्या तपासण्यात गेला. मागे दिवा, समोरून सरकणाऱ्या बाटल्या, एकेका बाटलीवर एक नजर. तडा दिसला की उचलून बाजूला. डोळ्यांवर पोट भरलं त्यानं, आणि संध्याकाळी घरी येऊन तेच डोळे पुन्हा सेंटवर लावले. दुर्मीळ वाण त्यानं किती ओळखले असतील, पण ते सगळे आधीच कुणीतरी शोधून ठेवलेले. देशभरातून लोक त्याला खोकी पाठवायचे, लॉइड, जरा बघून नंबर टाकून दे. तो बघायचा, टाकायचा, परत पाठवायचा. अलीकडे तेही त्याच्या जिवावर यायला लागलं होतं. खोकं आलं की दोन-दोन आठवडे कोपऱ्यात पडून राहायचं आणि वर्ना त्याच्यावरून केरसुणी फिरवायची.

आणि ड्वेन पर्डीच्या नावावर मात्र एक वाण होता. खरं दुखणं ते होतं. ड्वेन म्हणजे ॲक्रनचा नळकामवाला, लॉइडचा सगळ्यांत जुना मित्र आणि सगळ्यांत जुनी डोकेदुखी. या छंदात पडून त्याला धड वर्षही झालं नव्हतं, तेव्हा एका बाईच्या तळघरात पाइप बदलताना त्याला बटणांच्या डब्यात तो सेंट सापडला. वाण नवा आहे हे ओळखलं लॉइडनं. नाव लागलं ड्वेनचं, आणि नियमाप्रमाणे ते बरोबरच होतं. त्यानंतर ड्वेननं ती गोष्ट एकाही वर्षी सांगायची सोडली नव्हती, आणि लॉइडनं एकाही वर्षी ती हसत ऐकायची सोडली नव्हती.

जानेवारीत लॉइडला हा सेंट मिळाला तो एका चर्चच्या तळघरातल्या बाजारात, झिजलेल्या नाण्यांच्या खोक्यात. घरी येऊन त्यानं स्वयंपाकघराच्या खिडकीशी भिंग लावलं. पुढचा ठसा ओळखीचा होता. मागचाही ओळखीचाच वाटला, पानं तीच, देठ तेच. पण शंभरावरची रेघ, एक आणि शंभर यांच्या मधली ती बारकीशी आडवी रेघ, उजव्या टोकाला शेवटच्या शून्यावर खाली बसलेली. वाकलेली. माहीत असलेल्या ठशात ती रेघ सरळ आहे. म्हणजे हा ठसा दुसरा, त्याचं जुळं भावंड, आजवर कुणाच्याच नजरेला न पडलेलं. लॉइड भिंग खाली ठेवून आधी पाणी प्याला.

आता एक गोष्ट त्यानं करायला हवी होती. नव्या माणसाला लॉइड पहिल्या दिवशी जे शिकवायचा ते हेच, की नाणं फिरव. वरची बाजू खाली आणून उलटं कर, आडवं कर, उजेड खोटं बोलतो, पण नाणं फिरवलं की त्याचं खोटं उघडं पडतं. शेकडो लोकांना त्यानं हे सांगितलं असेल. आणि त्या दुपारी त्यानं नाणं फिरवलं नाही. अरे माणसा, एकदा फिरवायचं की! पण इतक्या वर्षांनी दारात आलेल्या पाहुण्याला कोण म्हणतं, जरा वळून दाखवा बघू. त्यानं नाणं पिशवीत घातलं आणि ड्वेनला फोन लावला.

ड्वेननं पलीकडून सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "जानेवारीत तुला नवा वाण सापडला, आता फेब्रुवारीत येशू ख्रिस्त सापडेल. टेबलावर आण, बघू."

मोटेल आलं तेव्हा लॉइडचे खांदे भरून आले होते. गाडी लावताना त्यानं पांढऱ्या पट्ट्याच्या आत लावली असं त्याला वाटलं. वर्ना उतरली, पट्ट्याकडे बघितलं आणि काही न बोलता बॅग काढायला लागली.

आत तीच मंडळी होती, फक्त दरवर्षीपेक्षा कमी. खुर्च्या मात्र मोटेलवाल्यानं जुन्या हिशेबानं मांडलेल्या, त्यामुळे जो तो रिकाम्या खुर्चीवर कोट ठेवत होता. जेवणाला चिली, म्हणजे राजमा-खिम्याचा तिखट रस्सा, आणि मक्याचा पाव होता. कॉफी नेहमीसारखी वाईट. या वर्षी कोण गेलं, कुणाची नाणी मुलांनी विकून टाकली, कुणाचा गुडघा बदलला, हीच बोलणी. लॉइडला वाटलं, आपण इथे नाणी बघायला येतो की एकमेकांची मोजदाद करायला.

ड्वेन त्याच्या शेजारीच येऊन बसला. वाळलेला, लांब मानेचा, बायको गेल्यापासून शर्टाला इस्त्री नाही. "आलास?" तो म्हणाला. "मला वाटलं, आता तू आमच्यासारख्यांशी बोलणार नाहीस. वर्ना, याच्याशी घरी कसं बोलायचं असतं, वाकून का?" "ओरडून," वर्ना म्हणाली. सगळे हसले. लॉइडही हसला आणि मिठाची बाटली उचलून चिलीवर मीठ घालायला लागला. मीठ वाडग्याच्या बाहेर पडत होतं, टेबलक्लॉथवर, पांढऱ्यावर पांढरं. ड्वेननं त्यावर काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग ते मिटलं. बोटानं वाडगा हळूच बाटलीखाली सरकवला आणि दुसरीकडे बघायला लागला.

लॉइडच्या ते लक्षात आलं नाही. वर्नाच्या आलं.

जेवणानंतर मागच्या खोलीत टेबल मांडलं. उत्तरेची मोठी खिडकी, तिच्या उजेडात काळं मखमली कापड, कापडावर नाणं. बसायचं मोजक्यांनीच, बाकीच्यांनी मागे उभं राहायचं. नियम साधे आहेत आणि ते फार वर्षांपूर्वी लॉइड आणि ड्वेन या दोघांनीच घालून दिलेले आहेत. सगळ्यांत नव्या माणसानं आधी बोलायचं, म्हणजे तो मोठ्यांच्या तोंडाकडे बघून बोलणार नाही. मग त्याच्यापेक्षा जुना, मग त्याच्याहून जुना, आणि ज्याचं नाणं त्यानं सगळ्यांच्या शेवटी. डोळ्याला दिसेल तेवढंच बोलायचं. ऐकलेलं नको, वाटलेलं नको, कुणाच्या भल्याचंही नको. दिसलं एक आणि बोलला दुसरं, तो माणूस टेबलावरून उठला, पुन्हा बसायचं नाही.

हे नुसतं बोलण्यापुरतं नव्हतं. एकदा एका गृहस्थानं एका व्यापाऱ्याला खूश करायला नसलेला तडा दिसला म्हणून सांगितलं होतं. लॉइडनं त्याला सगळ्यांदेखत उठवलं. तो माणूस रडवेला झाला होता, त्याची बायको दारात उभी होती. लॉइड त्या बाबतीत दगड होता. नंतर ड्वेन त्याला म्हणालाही, अरे, एवढं कशाला. लॉइडचं म्हणणं पडलं की डोळा विकला तर मग आपल्याकडे राहिलं काय.

आज टेबलावर चौघं होती. पहिली जोलीन ट्रॅस्क, दातांच्या दवाखान्यात काम करणारी, मंडळात येऊन तिला थोडेच दिवस झालेले. तिला शिकवलं लॉइडनंच. दुसरा स्टॅन झेलिन्स्की, नाण्यांचा व्यापारी, जाडजूड, कमी बोलणारा. तिसरा ड्वेन. आणि लॉइड. वर्ना मागे भिंतीशी उभी राहिली. एरवी ती टेबलाच्या वेळी मोटेलच्या खोलीत झोप काढायची.

लॉइडनं पिशवीतून नाणं काढून कापडावर ठेवलं आणि सांगितलं काय ते. मागचा ठसा नवा आहे, शंभरावरची रेघ शेवटच्या शून्यावर वाकलेली आहे. एवढ्याशा रेघेवर माणसाचा जन्म टांगलेला असतो का? त्याचा होता. यादीत एक ओळ, तिच्यापुढे हॉस्टेटर. मग बाटल्या, खोकी, ड्वेनची बटणांच्या डब्याची गोष्ट, सगळं फिटलं असतं. मग तो खुशाल दमला असता.

जोलीननं नाणं कडेनं धरलं, भिंग लावलं. बघितलं. मग उलटं केलं, बघितलं. आडवं केलं. लॉइड मनात म्हणाला, शाबास, शिकली. तिनं पुन्हा सुलटं करून बघितलं आणि मग भिंग काढून खाली कापडाकडे बघत राहिली. तिचे कान लाल झाले होते.

"मला रेघ सरळ दिसते, मिस्टर हॉस्टेटर," ती म्हणाली.

लॉइडनं मान हलवली. पोरगी नवी आहे, नजर अजून बसायची आहे. स्टॅननं नाणं घेतलं. स्टॅनचा डोळा बाजारातला, त्याला फसवणं कठीण. त्यानं फार वेळ घेतला नाही. "सरळ," तो म्हणाला आणि नाणं सरकवलं. हे बोलताना त्यानं लॉइडकडे बघितलं नाही, आणि स्टॅन तर माणसाच्या डोळ्यांत बघून भाव पाडणारा.

आता दोघं म्हणतात सरळ. राहिला ड्वेन, आणि ड्वेन काय म्हणणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. ओळख झाल्यापासून ड्वेन त्याच्याशी कशावर सहमत झाला होता? नाण्याच्या दर्जावर नाही, हवेवर नाही, कुठल्या दुकानातला ॲपल पाय बरा यावरसुद्धा नाही. लॉइडनं 'चांगलं' म्हटलं की ड्वेननं 'बरं' म्हणायचं, हा जणू त्यांचा करारच होता. मागे उभे असलेले दोघे-तिघे तर आधीच गालात हसायला लागले होते.

ड्वेननं नाणं उचललं. बघितलं, फिरवलं, पुन्हा बघितलं. मग भिंग डोळ्याला तसंच लावून तो नुसता बसून राहिला. नाणं बघत नव्हता तो आता, हे कुणालाही कळलं असतं. खोलीत कुणीतरी खोकलं.

"वाकलेली आहे," ड्वेन म्हणाला. "शेवटच्या शून्यावर खाली बसलीय."

स्टॅननं मान वर केली. जोलीनचं तोंड उघडं राहिलं.

लॉइडला आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगा, क्षणभर त्याला असं वाटलं की उठून या वाळक्या माणसाला मिठी मारावी. मग तो आनंद जागच्या जागी थिजला. ड्वेन? ड्वेन म्हणतोय आपलं बरोबर आहे? जोलीन म्हणाली सरळ, स्टॅन म्हणाला सरळ, त्यानं लॉइडला शंकाही आली नव्हती. ड्वेननं हो म्हटलं आणि त्याच्या पायाखालची जमीन सरकली. ड्वेन पर्डी उगीच हो म्हणत नाही. ड्वेन हो म्हणतो म्हणजे काहीतरी फार वाईट झालेलं आहे, आणि ते आपल्याला सोडून सगळ्यांना माहीत आहे.

नाणं त्याच्या समोर आलं. त्यानं उजव्या डोळ्याला भिंग लावलं. एक, खाली रेघ, खाली शंभर. रेघ वाकलेली, उजव्या टोकाला, जशी जानेवारीत होती तशी.

मग त्यानं नाणं फिरवलं.

उलटं केलं. शंभर वर गेला, एक खाली आला, शेवटचं शून्य डावीकडे गेलं. आता वाकही डावीकडे जायला हवा होता. तो गेला नव्हता. तो उजवीकडेच होता, पहिल्या आकड्यापाशी. लॉइडनं नाणं आडवं केलं. अपूर्णांक आडवा झाला, रेघ उभी झाली, आणि मधेच कुणी बोटानं दाबावी तशी उजवीकडे झुकली. हळूहळू गोल फिरवलं. नाणं फिरत होतं आणि वाक एका जागी उभा होता. तो नाण्याचा नव्हताच. जानेवारीपासून तो कोटाच्या खिशात बाळगत होता ती त्याच्या स्वतःच्या डोळ्यातली खोट होती.

त्यानं भिंग काढलं आणि समोर बघितलं. टेबलाची कड मधे खचलेली. खिडकीची चौकट आत वळलेली. इतके दिवस त्याच्या लेखी सुतार दारुडे, छापखाने भिकार, खांब उभे करणारे नालायक. तो घाबरला, अगदी लहान पोर अंधारात घाबरतं तसा, आणि त्याला स्वतःची लाज वाटली. बाटल्या तपासून पोट भरलेला माणूस, आणि स्वतःच्या काचेतला तडा त्याला ओळखता आला नाही.

सगळे त्याच्या बोलण्याची वाट बघत होते. डोळ्याला दिसेल तेवढंच बोलायचं. डोळ्याला रेघ वाकलेली दिसत होती. तसं बोलला असता तर नियमात बसलं असतं. दोन म्हणतात सरळ, दोन म्हणतात वाकडी, मग नाणं यादीवाल्यांकडे जाणार, मोठ्या भिंगाखाली, ड्वेनचा शब्द त्याच्याबरोबर जाणार. आणि मग सगळ्या देशाला कळणार की ड्वेन पर्डी टेबलावर खोटं बोलला, आणि कुणासाठी बोलला. लॉइडनं ड्वेनकडे बघितलं. ड्वेन खिडकीबाहेर बघत होता, हनुवटी वर करून, आता काय करायचं ते करा असं.

"सरळ आहे," लॉइड म्हणाला. "माझी चूक झाली. जुनाच वाण आहे, नग चांगला आहे. घ्या, पुढचं घ्या."

सुटल्यासारखं सगळ्यांनी हलायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, पर्डी, लेका, चष्मा बदल आता, तिघांना सरळ दिसते ती तुला एकट्याला वाकडी. दुसरा म्हणाला, याला पाइपच बघायची सवय, सगळं कोपऱ्यात वळलेलंच दिसणार. मोठा हशा झाला. ड्वेन पर्डी टेबलावर चुकला, ही गोष्ट आता पुढची कित्येक वर्षं बटणांच्या डब्याच्या जोडीला सांगितली जाणार होती. ड्वेननं मान डोलावली.

"बदलायलाच झालाय," तो म्हणाला.

लॉइड कोट घेऊन बाहेर आला. पावसात बर्फाचे बारीक खडे मिसळून पडत होते. मोटेलच्या पत्र्याच्या छपराखाली तो उभा राहिला आणि त्याला जाणवलं की आपण फार, फार दमलेलो आहोत, नुसते आजच्या गाडीनं नाही. मागून ड्वेन दोन कागदी पेल्यांत कॉफी घेऊन आला. एक त्यानं लॉइडच्या हातात दिला, नीट बोटं मिटेपर्यंत धरून ठेवला आणि मग सोडला.

"तुला सरळ दिसली," लॉइड म्हणाला.

"हो."

"मग कशाला?"

ड्वेननं कॉफीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "मघाशी तू मीठ टेबलाला घालत होतास. म्हटलं, याचं आता सगळंच जाणार. एवढं तरी पडू दे पदरात." थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आणि तुला कशी दिसली? अखेरीस?"

"वाकडीच. अजूनही वाकडीच दिसते. तुझं नाकही वाकडं दिसतंय."

"ते आहेच वाकडं. म्हणजे तूही खोटं बोललास."

"हो."

"म्हणजे नियमानं आपण दोघंही टेबलावरून उठलो."

"उठलो," लॉइड म्हणाला.

ड्वेनचा पेला अर्धाच झाला होता, तो त्यानं कुंडीत ओतला. "बरं झालं," तो म्हणाला. "खुर्च्या फार टणक आहेत इथल्या." मग त्यानं लॉइडच्या खांद्यावर हात ठेवला, जो त्यानं ओळख झाल्यापासून कधी ठेवला नव्हता, आणि पटकन काढून घेतला आणि आत निघून गेला.

रात्री राहायचं ठरलं होतं, पण लॉइड म्हणाला, घरी जाऊ. वर्ना कशाला म्हणून विचारत बसली नाही. ती बॅग घेऊन आली तेव्हा लॉइड गाडीच्या उजव्या, शेजारच्या सीटच्या बाजूला उभा होता, नेहमी ती उभी असायची तिथे, आणि किल्ली त्यानं हातावर ठेवून पुढे केली होती. तिनं ती घेतली. त्याच्यासाठी दार उघडलं आणि तो बसल्यावर त्याचा कोट आत सारून लावून घेतलं.

"सोमवारी डॉक्टरला फोन कर," तो म्हणाला.

"केलाय," वर्ना म्हणाली. "मंगळवारची वेळ आहे. मघाशी, जेवण झाल्या झाल्याच केला."

मग गाडी रस्त्याला लागली. उजेड कमी होत चालला होता, पण खांब दिसत होते. वर्ना गाडी छान चालवायची, एका लयीत. लॉइडच्या मनात आलं, इतकी वर्षं आपण तिला चालवू का दिलं नाही. पुढून एक खांब आला, कमरेत मोडल्यासारखा. तो काही पुटपुटला नाही. त्यानं फक्त विचारलं, "हा?"

वर्नाला लगेच कळलं. "सरळ."

"हा पुढचा?"

"सरळ."

"आणि हा?"

"सरळ आहे, लॉइड."

वाइपर चालू होते. खिशातलं नाणं त्यानं कापडावरूनच चाचपलं. चांगला नग होता खरंच, जुनाच वाण, पण चांगला. मग पुन्हा एक खांब आला, बाकीच्यांसारखाच वाकडा, आणि सवयीनं त्याच्या तोंडून गेलं, "हा?"

या वेळी वर्नानं उत्तर द्यायला वेळ लावला. खांब जवळ आला, बाजूनं निघून गेला.

"हा मात्र खरंच वाकडा आहे," ती म्हणाली.

लॉइडनं झटकन तिच्याकडे बघितलं. तिची नजर रस्त्यावर होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर, चेहऱ्यावर काही नाही. वर्ना खोटं बोलणारी बाई नव्हती. पण दुपारपर्यंत ड्वेनही नव्हता. त्यानं मान वळवून मागे बघायचा प्रयत्न केला. मागच्या काचेत नुसता करडा उजेड होता आणि पाणी, आणि खांब केव्हाच दिसेनासा झाला होता.

"आहे ना?" त्यानं विचारलं.

"आहे म्हटलं ना," वर्ना म्हणाली.

त्यानं डोळे मिटून घेतले आणि डोकं मागे टेकलं. पुढच्या खांबाचं त्यानं विचारलं नाही.